आरएनएच्या दुहेरी सर्पिलावर आम्लतेचा परिणाम: मोजायचा कसा, वाचायचा कसा

आम्ल घातलं की आरएनएचे दोन पेड सुटतात, असं सरसकट सांगितलं जातं. तसं होतंही, पण सामू ४ च्या आसपास किंवा त्याखाली गेल्यावर. सामू ५.५ ते ७.५ या पट्ट्यात साध्या, बिनचूक जुळलेल्या सर्पिलाला आम्लतेचं फारसं सोयरसुतक नसतं. आणि मध्ये एखादी विजोड जोडी असेल, तर तेच सर्पिल आम्लात उलट घट्ट होऊ शकतं. म्हणून ‘आम्लतेचा परिणाम काय?’ या प्रश्नाआधी ‘प्रोटॉन नेमका कुठे बसणार?’ हा प्रश्न सोडवावा. तो कागदावर सुटतो, त्याला पिपेट लागत नाही.

हा लेख लहान आरएनए सर्पिलावर सामूचा परिणाम मोजू पाहणाऱ्यांसाठी आहे. अतिनील प्रकाशाचा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि तापमान चढवणारा कप्पा एवढी सोय आहे, असं धरतो. सर्पिल तापवून त्याचे पेड सुटताना पाहायचे, यालाच पुढे वितळणं म्हटलं आहे.

आधी कागदावर: प्रोटॉनची जागा शोधा

सुट्या न्यूक्लिओसाइडचे (साखरेला जोडलेल्या एकट्या बेसचे) चार आकडे पाठच असावेत. पीकेए म्हणजे ज्या सामूला निम्म्या रेणूंवर त्या जागी प्रोटॉन असतो तो सामू; एन-१, एन-३ ही बेसमधल्या नायट्रोजनांची नावं. ॲडेनिनच्या एन-१ चा पीकेए सुमारे ३.५, सायटोसिनच्या एन-३ चा सुमारे ४.२. ग्वानिनचा एन-१ आणि युरासिलचा एन-३ यांचा सुमारे ९.२. पहिल्या दोन जागा आम्लात प्रोटॉन घेतात, शेवटच्या दोन आम्लारिधर्मी द्रावणात सोडतात. ग्वानिनचा एन-७ सुमारे २ ला प्रोटॉन घेतो, पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

आता नेहमीची जोडी डोळ्यांसमोर आणा. ॲडेनिनचा एन-१ युरासिलशी आणि सायटोसिनचा एन-३ ग्वानिनशी हायड्रोजन बंधात आधीच अडकलेला आहे. म्हणजे प्रोटॉनला जिथे बसायचं, ती खुर्चीच भरलेली. जोडी मोडल्याशिवाय तो बसू शकत नाही. उलट सुट्या पेडावर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. त्यामुळे आम्ल सर्पिलावर हल्ला करत नाही, ते सुट्या पेडाला फूस लावतं. सर्पिल आहे तसंच राहतं, पण बाहेरची अवस्था जास्त सोयीची होत जाते आणि तोल तिकडे झुकतो. सामू ९ च्या वर हीच गोष्ट उलट दिशेने घडते. शिवाय तिथे साखरेवरचा २′-हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर चालून जातो आणि साखळीच तुटते, म्हणून आम्लारिधर्मी टोकाच्या मोजणीच्या भानगडीत मी पडत नाही.

खरी गंमत विजोड जोड्यांची. ॲडेनिनसमोर सायटोसिन आलं, तर उदासीन द्रावणात त्यांच्यात जेमतेम एक बंध जमतो. पण ॲडेनिनच्या एन-१ वर प्रोटॉन बसला, की तो सायटोसिनच्या ऑक्सिजनला धरतो, ॲडेनिनचा अमिनो गट सायटोसिनच्या एन-३ ला धरतो, आणि ग्वानिन-युरासिलच्या डळमळ्या जोडीसारखीच हुबेहूब ठेवण तयार होते. ही ए⁺·सी जोडी. ३.५ चा पीकेए इथे साडेसहा ते आठपर्यंत वर सरकू शकतो. किती सरकेल, ते शेजारच्या जोड्यांवर ठरतं. दोन्ही बाजूंना भक्कम ग्वानिन-सायटोसिन असतील तर जास्त, सर्पिलाच्या टोकाशी किंवा फुगवट्याला लागून असेल तर कमी. शिशाच्या आयनाने चालणाऱ्या लेडझाइम या लहानशा रायबोझाइममध्ये (विकरासारखं काम करणाऱ्या आरएनएमध्ये) अशा एका ॲडेनिनचा पीकेए ६.५ मोजला गेला आहे.

आणखी दोन प्रकार लक्षात ठेवा. सायटोसिनवर प्रोटॉन बसला, तर ते आधीच जुळलेल्या ग्वानिन-सायटोसिन जोडीला बाजूने तिसरा पेड म्हणून चिकटू शकतं. बीट वेस्टर्न यलोज विषाणूच्या आरएनएतल्या स्यूडोनॉटमध्ये (गाठीसारख्या घडीत) अशी तिहेरी जोडी आहे. दुसरा प्रकार म्हणजे नुसत्या ॲडेनिनची लांब साखळी, पॉली-ए. आम्लात तिचे दोन पेड समांतर दिशेने, एकमेकांसारखेच, गुंफले जातात. रिच, डेव्हिस, क्रिक आणि वॉटसन यांनी १९६१ साली तंतूंच्या क्ष-किरण चित्रांवरून ही रचना मांडली. अकरा ॲडेनिनच्या तुकड्याचा स्फटिक मिळून ती अणूपातळीवर दिसायला २०१३ उजाडलं, आणि त्या स्फटिकात प्रोटॉनऐवजी अमोनियम आयनांनी जोड्या सावरलेल्या निघाल्या. त्यातला धोका आपल्यासाठी असा, की तुमच्या पेडात ॲडेनिनची लांब रांग असेल, तर आम्लात तो जोडीदाराला सोडून स्वतःशीच गुंफायला लागेल.

क्रम निवडणं

एक विजोड जोडी, मधोमध, आणि तिच्याशिवाय बाकी सगळं कंटाळवाणं, असा क्रम घ्या. उदाहरणासाठी हा घेऊ:

वरचा पेड, ५′ पासून: जी-जी-ए-ए-सी-ए-जी-ए-सी-जी-जी
खालचा पेड, ५′ पासून: सी-सी-जी-यू-सी-सी-जी-यू-यू-सी-सी

दोन्हींतला सहावा बेस एकमेकांसमोर येतो, वर ॲडेनिन, खाली सायटोसिन. दोन्ही बाजूंना ग्वानिन-सायटोसिन. पेड स्वतःशी जुळत नाहीत, आणि हे तपासणं टाळू नका. मध्याभोवती आरशासारखा क्रम घेतला, तर एकच पेड केसाच्या पिनेसारखा वाकून बसतो आणि तुम्ही आठवडाभर त्याचंच वितळणं मोजत राहता.

सोबत दोन सर्पिलं तुलनेसाठी हवीतच. एकात खालचा सहावा सायटोसिन बदलून युरासिल, म्हणजे ए-यू ही नेहमीची जोडी. दुसऱ्यात खाली हेच युरासिल, आणि वरच्या सहाव्या ॲडेनिनऐवजी ग्वानिन, म्हणजे जी·यू. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. त्याचा आकार ए⁺·सी सारखाच, पण त्याला प्रोटॉनची गरज नाही. सामू बदलल्यावर तेही हललं, तर दोष बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणात, आहे असं समजा.

बफर: इथेच बहुतेकांची फसगत होते

माझीही झाली. सुरुवातीला हाताशी होतं म्हणून ट्रिस हे बफर वापरलं. खोलीच्या तापमानाला सामू ७.५ लावला, मीटरने ७.५ दाखवला, वहीत ७.५ लिहिला. विजोड सर्पिल अपेक्षेपेक्षा बरंच टिकाऊ निघालं आणि मी खुशीत होतो. मग लक्षात आलं, की ट्रिसचा पीकेए दर अंशाला ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांना ७.५ असलेलं द्रावण ५० अंशांना ६.८ झालेलं असतं, ८५ अंशांना तर ५.८ च्या आसपास. सर्पिल वितळत होतं त्या क्षणी त्याच्याभोवती मी लिहिलेला सामू नव्हताच. तीन आठवड्यांचे आलेख गेले.

तेव्हापासूनची माझी वाटणी अशी. सामू ४ ते ५.५ साठी ॲसिटेट, त्याचा पीकेए ४.७६ आणि तापमानाने जवळजवळ न हलणारा. ५.५ ते ६.७ साठी एमईएस, पीकेए ६.१, दर अंशाला सुमारे ०.०११ ने घसरणारा. ही घसरण हिशेबात धरावी लागते, पण ती झेपते. ६.२ ते ७.७ साठी फॉस्फेट, पीकेए ७.२, घसरण ट्रिसच्या दहाव्या हिश्शाची. कॅकोडिलेट तापमानाच्या बाबतीत फार गुणी, पीकेए ६.२७, पण त्यात आर्सेनिक आहे. हातमोजे, वेगळा कचरा आणि इतरांना सूचना यांची तयारी असेल तरच ते घ्या. सायट्रेट मॅग्नेशियमला गिळतं, त्यामुळे मॅग्नेशियमचे प्रयोग करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन बफरांचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात, तिथे एकाच सामूला दोन्हींत मोजा. उदाहरणार्थ ६.५ ला एमईएसमध्येही आणि फॉस्फेटमध्येही. आकडे जुळले नाहीत, तर तुम्ही सामू मोजत नसून बफर मोजत आहात.

यापेक्षा सूक्ष्म चूक सोडियमची. आरएनएच्या कण्यावर प्रत्येक फॉस्फेटवर एकेक ऋण प्रभार असतो, आणि धन आयन तो झाकतात म्हणून सर्पिल टिकतं. फॉस्फेट बफरमध्ये सामू वाढवताना तुम्ही नकळत सोडियमही वाढवत असता: सामू ६ ला बहुतेक फॉस्फेटसोबत एक सोडियम, ७.५ ला बहुतेकांसोबत दोन. टीएम (ज्या तापमानाला निम्मी सर्पिलं सुटलेली असतात ते) वाढलं ते सामूने की मिठाने, हे मग ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक बफरमधलं एकूण सोडियम हिशेब करून, मीठ घालून, सारखं करा. १०० मिलिमोलर हा सोयीचा आकडा. सोडियम जास्त असेल तर पीकेएचं वर सरकणंही कमी होतं, कारण फॉस्फेटच्या ऋण गर्दीने प्रोटॉनला जवळ ओढण्याचा जोर मंदावतो. तुमचा पीकेए दुसऱ्यांच्या पीकेएशी ताडताना आधी मीठ विचारा.

सामू शेवटी मोजायचा. मीठ, ईडीटीए, सगळं घालून झाल्यावर. ०.१ मिलिमोलर ईडीटीए पुरतो. धातूचे आयन गरम द्रावणात आरएनए तोडतात, ते त्याने अडतात.

नमुना

विकत आलेला आरएनए थेट वापरू नका. शुद्धीकरणातली ट्रायइथिलअमोनियमसारखी क्षारं त्यात उरलेली असतात आणि पातळ बफरचा सामू ती सहज हलवतात. एकदा सोडियमच्या द्रावणासमोर आणि मग शुद्ध पाण्यासमोर डायलिसिस करा, किंवा क्षार काढणाऱ्या स्तंभातून उतरवा.

दोन्ही पेड समप्रमाणात, प्रत्येकी ४ मायक्रोमोलर. या लांबीला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये २६० नॅनोमीटरवर शोषण ०.८ च्या आसपास येतं, मोजणीला अगदी योग्य. प्रत्येक पेडाचं प्रमाण ९० अंशांना, उलगडलेल्या अवस्थेत, आणि सामू ७ ला मोजा. आम्लात मोजलंत तर चुकाल, कारण सायटोसिनवर प्रोटॉन बसला की त्याचं शोषणाचं शिखर २७१ वरून २८० नॅनोमीटरकडे सरकतं आणि उंचही होतं.

मग मिश्रण ९० अंशांवर दोन मिनिटं ठेवून सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

वितळवणं

१० ते ९० अंश, मिनिटाला अर्धा अंश. तापवताना आणि निववताना दोन्ही वेळा नोंद घ्या. दोन रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. बसल्या नाहीत तर वेग कमी करा. तरीही नाहीच, तर समांतर गुंफण किंवा तीन पेडांचं काहीतरी जमतंय का, ही शंका घ्या. द्रावणातली हवा आधी काढून टाका, नाहीतर ६० अंशांच्या पुढे बुडबुडे धरतात आणि आलेखावर दात दिसतात. वर सिलिकॉन तेलाचा पातळ थर दिला की बाष्पीभवन थांबतं.

२६० सोबत २८० नॅनोमीटरवरही नोंद घ्या, फुकट मिळणारी माहिती आहे. सामू ४.५ ला वितळताना २८० वरची शोषणाची उडी सामू ७ च्या तुलनेत मोठी दिसेल. सुटलेल्या सायटोसिनांनी लगेच प्रोटॉन घेतल्याची ती खूण. वर खुर्च्यांची उपमा दिली, ती इथे आलेखावर उघड दिसते.

सामूचे किमान आठ बिंदू घ्या. माझी मांडणी ४.२, ४.७, ५.२, ५.७, ६.२, ६.७, ७.२ आणि ७.७ अशी असते. नुसतं टीएम पुरेसं नाही. प्रत्येक सामूला आरएनएचं प्रमाण दहापट तरी बदलून मोजा. १/टीएम विरुद्ध एकूण प्रमाण भागिले ४ याचा नैसर्गिक लॉग, अशी रेषा काढली की तिच्या उतारातून आणि छेदातून ऊर्जा मिळते. भागिले ४, कारण दोन पेड वेगळे आहेत.

आलेख वाचणं

इथे थोडं थांबा, कारण सर्वांत रूढ चूक इथली आहे. सामूविरुद्ध टीएम काढल्यावर एक वळणदार रेषा येते. लोक तिला इंग्रजी एससारखी समजून मधला बिंदू काढतात आणि त्याला पीकेए म्हणतात. तो पीकेए नसतो.

का, ते पाहा. विजोड ॲडेनिनचा पीकेए सर्पिलात ७ आहे आणि सुट्या पेडावर ३.५, असं धरा. सामू ८ ला प्रोटॉन कुठेच नाही, सर्पिलाची ऊर्जा स्थिर. ७ च्या आसपास सर्पिलातली खुर्ची भरायला लागते आणि रेषा वळते. पण ती तिथे सपाट होत नाही. ७ पासून ३.५ पर्यंत, सामू एकेक घर खाली येताना सर्पिलाला सतत फायदा होत राहतो, कारण सर्पिलात प्रोटॉन आहे आणि सुट्या पेडावर नाही. ३७ अंशांना हा फायदा दर घराला सुमारे ५.९ किलोजूल प्रति मोल. सामू ५.५ ला म्हणजे दीड घर, जवळपास ८.९ किलोजूल. पीकेए म्हणजे या रेषेचा गुडघा: वरची सपाट रेषा आणि खालची तिरकी रेषा वाढवून जिथे छेदतात तो सामू. म्हणूनच पीकेएच्या वर किमान दोन बिंदू हवेत, नाहीतर सपाट भागच मिळत नाही. तो ७.२ च्या वर असेल, असं वाटलं तर मांडणीत ८.२ आणि ८.७ वाढवा, तिथे ट्रिस चालेल, पण वितळण्याच्या तापमानाला सामू किती ते काढूनच लिहा.

मग खालचं टोक. तिरकी रेषा ३.५ पर्यंत सरळ चढेल अशी अपेक्षा कराल, तर ५ च्या अलीकडे-पलीकडे ती वाकून खाली यायला लागेल. बाकीच्या सायटोसिनांची फूस सुरू झाली. ढोबळ हिशेब करून बघा: आपल्या सर्पिलात ग्वानिनशी जुळलेली सात सायटोसिनं आहेत. सामू ४.२ ला सुट्या पेडावर त्यांतली निम्मी प्रोटॉन घेतात, आणि त्यापोटी प्रत्येकामागे सर्पिलाला सुमारे १.८ किलोजूलचा तोटा. सातांचा मिळून साडेबारा. ए⁺·सी जोडीने कमावलेलं बरंचसं इथे खर्ची पडतं. प्रत्यक्षात शेजारच्या प्रोटॉनांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून तोटा याहून थोडा कमी भरतो. पण आकार तोच: चढण, माथा, उतार. ए-यू च्या तुलना-सर्पिलात चढण नसेल, नुसता उतार असेल. दोघांची वजाबाकी केली की विजोड जोडीचा शुद्ध परिणाम उरतो, आणि पीकेए या वजाबाकीवरून काढलेलाच मी मानतो.

घट्ट झालं, पण आकार तोच आहे का?

वितळण ऊर्जा सांगते, आकार सांगत नाही. वर्तुळाकार द्विवर्णता (डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) ही सोपी तपासणी. आरएनएचं ए-प्रकारचं सर्पिल, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ११ जोड्या, २६० ते २६५ नॅनोमीटरवर धन शिखर आणि २१० जवळ ऋण दरी दाखवतं. सामू ७.७ ते ५.२ मध्ये हे चित्र जवळपास तसंच राहिलं, तर सर्पिल शाबूत आहे. विजोड जोडीपुरता फरक इतका छोटा असतो, की त्यावरून पीकेए काढायचा मोह टाळा. एमईएस खालच्या तरंगलांबीला स्वतःच प्रकाश शोषतं, तेव्हा इथे फॉस्फेटच बरं.

खरा निकाल एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणारं तंत्र) देतो. ॲडेनिनच्या दुसऱ्या कार्बनला कार्बन-१३ ची खूण असेल, तर एन-१ वर प्रोटॉन बसताच त्या कार्बनचा संकेत सुमारे ८ पीपीएमने सरकतो. यंत्र खोलीच्या तापमानाला, सर्पिल न वितळवता मोजतं. त्यामुळे सामूविरुद्ध हा सरक काढला की खरीखुरी एस-रेषा मिळते आणि इथे मधला बिंदू हाच पीकेए. वितळणातल्या गुडघ्याशी तो ताडून पाहा. थोडा फरक येणारच, कारण दोन्हींचं तापमान वेगळं आहे. नमुना जड पाण्यात असेल, तर मीटरच्या आकड्यात ०.४ मिळवायला विसरू नका. नेहमीच्या ९० टक्के साध्या पाण्यात ती दुरुस्ती नगण्य.

सगळं झाल्यावर क्युव्हेटमधला नमुना फेकू नका. तो जेलवर उलगडलेल्या अवस्थेत पळवा. साखळी सौम्य आम्लात बरीच टिकते, ४ ते ५ हा तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित पट्टा, पण सामू ७.७ ला चार वेळा ९० अंश गाठलेल्या नमुन्यात तुकडे दिसू शकतात. मुख्य पट्टीच्या खाली धूसर ओघळ दिसला, तर त्या नमुन्याचा शेवटचा आलेख बाद आणि ताज्या नमुन्यावर पुन्हा एकदा.